प्रोस्टेटचा कर्करोग व चुंबकीय अनुनाद वर्णपटमिती : एक ऐतिहासिक टिपण

फेलिक्स ब्लॉक व एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे वर्णिलेला अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद प्रथम रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत स्थिरावला. प्रोस्टेट ग्रंथीच्या निदानात त्याचा प्रवेश झाला तो या ग्रंथीच्या एका वैशिष्ट्यामुळे. निरोगी प्रोस्टेटच्या पेशींत जस्त विपुल असते. ते सायट्रेटचे पुढील विघटन रोखते व सायट्रेट साचत जाते. कर्करोगात जस्त घटते, सायट्रेट ओसरते आणि कोलीनचे प्रमाण वाढते. म्हणजेच सुई न टोचता ऊतीचे रसायन वाचता येईल, अशी आशा निर्माण झाली.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन कुर्‍हानेविच व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ग्रंथीचे त्रिमितीय वर्णपट प्रसिद्ध केले. त्यातील प्रत्येक घटकाचे आकारमान ०.२४ ते ०.७ घन सेंटिमीटर होते. प्रस्तुत लेखकाच्या मते पुढील अडचणीचे बीज येथेच आहे : याहून लहान गाठीचा संकेत शेजारच्या निरोगी ऊतीत मिसळून जातो. शिवाय गुदाशयात बसवावे लागणारे वेटोळे रुग्णास त्रासदायकच.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील बहुकेंद्रीय अभ्यासात ११० रुग्णांची माहिती तपासली गेली. गाठीचे स्थान ठरविण्यात वर्णपटाची जोड दिलेली प्रतिमा केवळ प्रतिमेपेक्षा सरस ठरली नाही. २०१२ च्या ‘पाय-रॅड्स’ मार्गदर्शिकेत ऐच्छिक असलेले हे तंत्र २०१५ च्या आवृत्तीतून वगळले गेले. जलरेणूंच्या विसरणावर आधारित, अधिक सुलभ प्रतिमांना तेथे प्राधान्य मिळाले. सायट्रेट घटते, हे निरीक्षण मात्र त्यामुळे खोटे ठरलेले नाही.