श्रवणयंत्र आणि मोबाईल : आवाजावरून ओळखा अडथळा

चेन्नई बीच ते तांबरम हा उपनगरी रेल्वेमार्ग १९३१ साली विजेवर धावू लागला. २०२१ मध्ये महानगरपालिका झालेल्या तांबरमचे स्थानक आज या मार्गावरील अतिशय गजबजलेल्या स्थानकांपैकी एक आहे. गाड्यांची घरघर आणि उद्घोषणा यांच्या कल्लोळात प्रवासी मोबाईलवर बोलत असतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्या व्यक्तीला मात्र तेथे आणखी एका आवाजाशी झुंजावे लागते. मोबाईल कानाशी नेताच यंत्रात खरखर, गुणगुण किंवा शीळ उमटते आणि पलीकडचे शब्द हरवतात.

अशा वेळी अनेक ज्येष्ठ नागरिक यंत्रच काढून ठेवतात. मग बोलणे नीट ऐकू येत नाही, संभाषण घाईने आटोपते आणि श्रवणशक्ती आणखी खालावली, असा घरच्यांचा समज होतो. वस्तुतः यात बहुधा कानाचा दोष नसतो. या तीन आवाजांची कारणे तीन आहेत आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा आहे.

खरखर : रेडिओलहरींचा परिणाम

भारतात मोबाईल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. पुढे देशभर रुजलेल्या जीएसएम, म्हणजेच टूजी पद्धतीत मोबाईल सलग प्रक्षेपण करीत नाही. तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे झटके सोडतो. श्रवणयंत्रातील सूक्ष्म तारा व परिपथ हे झटके ग्रहण करतात आणि ते खरखर होऊन ऐकू येतात. मोबाईल वाजण्याच्या क्षणभर आधी जवळच्या रेडिओतून येणारी टरटर याच जातीची असते.

संदेशवहन क्षीण असेल तेथे मोबाईल अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो आणि खरखर वाढते. म्हणून तळघर किंवा बंद उद्वाहक टाळून मोकळ्या जागी बोलावे. अंतर थोडे वाढले तरी लहरींचा जोर झपाट्याने घटतो. त्यामुळे मोबाईल काही सेंटीमीटर दूर धरणे किंवा स्पीकर सुरू करणे उपयुक्त ठरते. यंत्राचा आवाज वाढवून मात्र लाभ होत नाही, कारण त्यासोबत खरखरही वाढते.

फोरजी पद्धतीत हा त्रास बव्हंशी कमी असतो. तथापि फोरजी संचावरही कधी कधी खरखर येते. संचातील व्होल्टी ही सुविधा बंद असल्यास बोलण्यासाठी तो जुन्या जाळ्याकडे वळतो, हे त्याचे एक कारण आहे. ही सुविधा सुरू आहे की नाही, हे प्रथम पाहावे.

गुणगुण : चुंबकीय क्षेत्राचा परिणाम

अनेक श्रवणयंत्रांत टेलिकॉइल नावाचे तारेचे लहान वेटोळे असते. 'टी' या स्थितीत ते दूरध्वनीतील चुंबकीय संकेत थेट टिपते, त्यामुळे भोवतीचा गोंगाट कमी होतो. परंतु ते अन्य चुंबकीय क्षेत्रेही टिपते. उपनगरी गाड्यांच्या तारांतून ५० हर्ट्झचा विद्युतप्रवाह वाहतो. त्यामुळे फलाटावर अखंड गुणगुण ऐकू येऊ शकते. रोहित्रे व जुन्या नळीदिव्यांजवळही हाच अनुभव येतो. तेथे यंत्र 'एम', म्हणजे मायक्रोफोनच्या स्थितीत आणावे अथवा त्या जागेपासून दूर जावे. अन्यत्र 'टी' वापरताना मोबाईलचा कोन थोडा थोडा बदलून आवाज सर्वांत स्पष्ट येईल ती जागा शोधावी.

शीळ : ध्वनीचे पुनरावर्तन

यंत्रातून बाहेर पडलेला ध्वनी मोबाईलवर आपटून पुन्हा त्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरला की शीळ वाजते. मोबाईल कानावर दाबून धरू नये. कानामागे लावायच्या यंत्राचा मायक्रोफोन कानाच्या वरच्या बाजूस असतो. म्हणून मोबाईलचा ध्वनी येणारा भाग कर्णरंध्राशी न धरता किंचित वर, मायक्रोफोनजवळ धरावा. शीळ कायम राहिल्यास कानातील साचा सैल झाला आहे का, हे तपासून घ्यावे.

खरेदीपूर्वी

अमेरिकेत २००३ मध्ये मोबाईल संचांना श्रवणयंत्र-सुसंगततेचे नियम लागू झाले. त्यानुसार अनेक संचांवर 'एम ३', 'एम ४' किंवा 'टी ३', 'टी ४' अशी मानांकने दिली गेली. मोठा अंक अधिक सुसंगतता दर्शवितो. ब्ल्यूटूथ असलेल्या अनेक नव्या यंत्रांत संभाषण थेट कानात पोहोचते आणि मोबाईल कानाशी धरावाच लागत नाही. मात्र यंत्र व मोबाईल परस्परांशी जुळतात का, याची खात्री आधी करून घ्यावी.

मानांकनापेक्षाही प्रत्यक्ष चाचणी महत्त्वाची ठरते. श्रवणयंत्र घेताना स्वतःचा मोबाईल सोबत न्यावा, परिचिताला दूरध्वनी करावा आणि 'एम' व 'टी' या दोन्ही स्थितींत बोलून पाहावे. शक्य असल्यास नित्याच्या जागी, स्थानकावर वा घरी, यंत्र वापरून मगच निर्णय घ्यावा.

तांबरमच्या आग्नेयेस मुट्टुकाडू येथे बहुदिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवणदोषाच्या क्षेत्रात कार्यरत आहे. श्रवणतज्ज्ञाकडे जाताना 'मोबाईलवर ऐकू येत नाही' एवढेच न सांगता कोणता आवाज, कोठे आणि कोणत्या स्थितीत येतो, हे सांगितल्यास निदान सुकर होते. यंत्र काढून ठेवण्यापूर्वी एवढा प्रयत्न अवश्य करावा.