काचेच्या खोलीतील विद्वान

बृहदारण्यक उपनिषदात जनक राजाच्या यज्ञाची कथा आहे. राजाने एक हजार गाई उभ्या केल्या, प्रत्येकीच्या शिंगांना सोने बांधले आणि जमलेल्या विद्वानांत जो श्रेष्ठ असेल त्याने त्या न्याव्यात असे सांगितले. याज्ञवल्क्याने आपल्या शिष्याला गाई हाकून नेण्यास सांगितले, आणि मग साऱ्या सभेने त्याच्यावर प्रश्नांची सरबत्ती केली. गार्गीचे प्रश्न याच सभेतले. विद्या पणाला लावून धन जिंकण्याची हौस आजकालची नाही, हे यावरून दिसेल. परंतु या कथेतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बक्षीस राजाचे होते. प्रश्न मात्र राजाचे नव्हते. ते प्रतिस्पर्ध्यांचे होते, आणि उत्तरात कसर निघाली तर ती काढायला सभा बसलेली होती. बक्षीस देणारा आणि प्रश्न काढणारा एकच झाला म्हणजे काय होते, याचा धडा अमेरिकेला 1955 ते 1960 या पाच वर्षांत मिळाला. त्या धड्याची हकीकत आज आम्ही श्रोत्यांपुढे मांडणार आहोत.

अमेरिकेत नभोवाणीवर प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम पूर्वीपासून होत असत. 1940 साली सुरू झालेल्या एका लोकप्रिय कार्यक्रमात सर्वांत मोठे बक्षीस होते 64 डॉलर. दूरचित्रवाणी घरोघर पोचली तेव्हा हा आकडा फारच किरकोळ वाटू लागला. मोठ्या बक्षिसांचे कार्यक्रम म्हणजे लॉटरी नव्हे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली दिला आणि वाट मोकळी झाली. 7 जून 1955 रोजी सीबीएस या वाहिनीवर ‘64,000 डॉलरचा प्रश्न’ हा कार्यक्रम सुरू झाला. 64 ला एकदम तीन शून्ये जोडली गेली. पैसा होता रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचा.

या कार्यक्रमाची मोहिनी केवळ पैशात नव्हती. समोर येणारी माणसे साधी असत, आणि त्यांचे ज्ञान अनपेक्षित असे. न्यूयॉर्कचा एक पोलीस शिपाई शेक्सपिअरवर बोले. जीनो प्राटो हा इटलीहून आलेला चांभार ऑपेराचा जाणकार निघाला. तो 32,000 डॉलरपर्यंत पोचला आणि इटलीतील वृद्ध पित्याचा सल्ला मानून तेथेच थांबला. रिचर्ड मॅककचेन हा मरीन कोअरचा कॅप्टन पाककलेच्या प्रश्नांची उत्तरे देत सप्टेंबर 1955 मध्ये पूर्ण 64,000 डॉलर जिंकणारा पहिला स्पर्धक ठरला. आपल्या आळीतला माणूसही आतून विद्वान असू शकतो, हे पाहून सामान्य प्रेक्षक सुखावत होता. प्रश्न बँकेच्या तिजोरीत ठेवले जात, बँकेचा अधिकारी ते बंद पाकिटातून घेऊन येई, शेजारी पहारेकरी उभे असत, आणि स्पर्धक काचेच्या बंद खोलीत एकटा उभा राही. प्रामाणिकपणाचा एवढा थाटमाट पाहून संशय घ्यावा असे कोणाच्या मनात येणार?

आता ‘ट्वेंटी-वन’ या दुसऱ्या कार्यक्रमाकडे वळू, कारण खरे प्रकरण तेथे घडले. 12 सप्टेंबर 1956 रोजी एनबीसी या वाहिनीवर तो सुरू झाला. निर्माता डॅन एनराइट, सूत्रधार जॅक बॅरी, आणि जाहिरातदार जेरिटॉल नावाचे शक्तिवर्धक औषध विकणारी कंपनी. खेळ असा: दोन काचेच्या खोल्यांत दोन स्पर्धक. एकाचे उत्तर दुसऱ्याला ऐकू जात नाही. 1 ते 11 यांपैकी जेवढे गुण मागावेत तेवढा अवघड प्रश्न. 21 गुण आधी करील तो जिंकला. दोघांच्या गुणांत जेवढे अंतर, त्याच्या प्रत्येक गुणाला 500 डॉलर, आणि डाव बरोबरीत सुटला की दर आणखी 500 डॉलरने वाढे. विजेता पुढे हरला तर नव्या विजेत्याचे पैसे त्याच्या कमाईतून वजा होत.

पहिला कार्यक्रम अगदी सचोटीने झाला, आणि तोच पडला. स्पर्धकांना एकामागून एक प्रश्न येईनात, गुण वाढेनात, प्रेक्षक कंटाळले. असले पुन्हा दिसता कामा नये, असे जाहिरातदाराने निर्मात्याला खडसावले. सारा अनर्थ येथून सुरू झाला. खरे ज्ञान हे अडखळणारे असते. ते कधी सुचते, कधी सुचत नाही. आणि सुचते तेव्हा अनेकदा इतक्या सहज सुचते की पाहणाऱ्याला त्यात काही नाट्यच दिसत नाही. जाहिरातदाराला हवा होता ज्ञानाचा झगडा, तोही अर्ध्या तासात बसणारा. तेव्हा प्रश्न आधीच सांगितले जाऊ लागले.

हर्बर्ट स्टेम्पेल हे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये शिकणारे माजी सैनिक. वय 29, स्मरणशक्ती विलक्षण. त्यांना प्रश्नोत्तरे तर पढविलीच, पण ती कशी द्यायची तेही पढविले. अंगाला नीट न बसणारा जुना सूट, स्वस्तातला सदरा, सैनिकी धाटणीचे केस, टिकटिक ऐकू येणारे घड्याळ. कपाळावरचा घाम पुसायचा नाही, रुमालाने हलकेच टिपायचा, म्हणजे तो दिसतो. गरीब, कष्टाळू, थोडा विचित्र असा विद्यार्थी प्रेक्षकांना दाखवायचा होता. काही आठवडे तो चालला. मग प्रेक्षकांना त्या चेहऱ्याचा कंटाळा आला, आणि दुसऱ्या चेहऱ्याचा शोध सुरू झाला.

तो चेहरा चार्ल्स व्हॅन डोरेन यांचा. कोलंबिया विद्यापीठात ते इंग्रजी शिकवीत. वडील मार्क व्हॅन डोरेन हे नामवंत कवी, चुलते कार्ल व्हॅन डोरेन हे चरित्रकार; दोघेही पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी. रूप, कुल, विद्या आणि नम्रता ही चारही एका ठिकाणी. आल्बर्ट फ्रीडमन या निर्मात्याने त्यांना सांगितले की स्टेम्पेल यांना हरविणे अशक्य झाले आहे, तेव्हा थोडे साह्य घ्यावे लागेल. सचोटीने खेळू द्या, अशी व्हॅन डोरेन यांनी विनंती केली. ते जमणार नाही असे उत्तर मिळाले. असे साह्य या धंद्यात नेहमीचेच आहे, आणि आपल्यासारखा प्राध्यापक पडद्यावर आला तर शिक्षकांची व शिक्षणाची प्रतिष्ठा वाढेल, असेही त्यांना पटविण्यात आले. सामान्य माणसाला पैशाचे आमिष पुरते. विद्वानाला पैशाबरोबर एखादे उदात्त कारणही द्यावे लागते, एवढाच फरक.

बरोबरीच्या अनेक डावांनंतर 5 डिसेंबर 1956 रोजी स्टेम्पेल हरले. अनेक प्रश्नांपैकी एक असा होता: 1955 चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ऑस्कर कोणाला मिळाला? उत्तर होते ‘मार्टी’. स्टेम्पेल यांनी तो चित्रपट तीनदा पाहिला होता. त्यांना आज्ञा होती ‘ऑन द वॉटरफ्रंट’ म्हणण्याची, आणि ते तसे म्हणाले.

या ठिकाणी आम्ही क्षणभर थांबू इच्छितो. या प्रकरणाविषयी लिहिणारे बहुधा व्हॅन डोरेन यांच्या अधःपाताचे वर्णन करतात, कारण उंचावरून पडणारा माणूस लवकर दिसतो. परंतु आमच्या मते साऱ्या हकिकतीचे मर्म स्टेम्पेल यांच्या त्या एका चुकीच्या उत्तरात आहे. जे येत नाही ते येते असे दाखविणे ही लबाडी जगात जुनीच. जे पक्के येते ते कोट्यवधी लोकांसमोर येत नाही म्हणून सांगायचे, आणि तेही शहरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असेल अशा प्रश्नावर, हा प्रकार निराळा. ज्याच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे एक ज्ञानच होते, त्याच्याकडून तेच काढून घेतले गेले. 49,500 डॉलर घेऊन ते घरी गेले. दूरचित्रवाणीवर पुढे काम देऊ, हे आश्वासन काही पाळले गेले नाही.

व्हॅन डोरेन यांची कीर्ती मात्र देशभर झाली. 11 फेब्रुवारी 1957 च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र आले. 11 मार्च रोजी व्हिव्हियन निअरिंग या वकील महिलेकडून ते हरले तेव्हा त्यांची कमाई 1,29,000 डॉलर होती. एनबीसीने त्यांना वर्षाला 50,000 डॉलरची नोकरी दिली. सकाळच्या कार्यक्रमात ते कवितेवर आणि विज्ञानावर बोलू लागले.

स्टेम्पेल वृत्तपत्रांकडे गेले. हरलेल्याचा मत्सर म्हणून कोणी ते छापले नाही. पण मे 1958 मध्ये ‘डॉटो’ नावाच्या दुसऱ्याच एका कार्यक्रमात एका राखीव स्पर्धकाच्या हाती विजेत्या स्पर्धकाची वही लागली, आणि तीत उत्तरे लिहिलेली आढळली. तो कार्यक्रम ऑगस्टमध्ये तडकाफडकी बंद झाला. मग स्टेम्पेल यांचे म्हणणे छापून आले. जेम्स स्नॉडग्रास या चित्रकार स्पर्धकाने तर आपल्याला आधी सांगितलेली प्रश्नोत्तरे लिहून 1957 सालीच स्वतःच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठविली होती व पाकिटे न फोडता जपून ठेवली होती. टपालखात्याच्या शिक्क्यापुढे कोणाचा युक्तिवाद चालणार?

न्यूयॉर्कचे सरकारी वकील फ्रँक होगन यांनी हे प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे की नाही हे ठरविणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे नेले. नऊ महिने साक्षी झाल्या. सुमारे 150 साक्षीदार आले, आणि त्यांपैकी शंभराच्या आसपास शपथेवर खोटे बोलले असावेत असा होगन यांचा अंदाज होता. व्हॅन डोरेन त्यांतलेच एक.

हा आकडा इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करायला लावणारा आहे. कारण असे की ठरवून खेळविलेली प्रश्नोत्तरे हा त्या वेळी कायद्याने गुन्हाच नव्हता! खरे सांगितले असते तर कोणालाही तुरुंग नव्हता. खोटे सांगितल्यानेच शपथभंगाचा गुन्हा घडला. मग ही चारचौघांसारखी माणसे, कोणी शिक्षक, कोणी वकील, कोणी गृहिणी, स्वतःहून गुन्ह्यात का शिरली? आम्हांला याचे एकच उत्तर दिसते. त्यांना न्यायाधीशाची भीती नव्हती, शेजाऱ्याची होती. वाण्याच्या दुकानात, मुलांच्या शाळेत, आईबापांच्या घरी त्यांना हुशार म्हणून जो मान मिळाला होता तो जाईल, ही भीती. पैसा परत करता येतो, मान परत करता येत नाही. शिवाय त्यांतले पुष्कळजण खरोखरच हुशार होते. एकदा कबुली दिली की आपण जे खरेच जाणतो त्यावरही पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्यांना कळत होते.

शेवटी अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीने हे प्रकरण हाती घेतले. 2 नोव्हेंबर 1959 रोजी ओरेन हॅरिस यांच्या अध्यक्षतेखालील या समितीपुढे व्हॅन डोरेन यांनी सारे कबूल केले. बऱ्याच सभासदांनी त्यांच्या स्पष्टवक्तेपणाची वाखाणणी केली. स्टीव्हन डेरूनियन हे न्यूयॉर्कचे सभासद मात्र म्हणाले की इतक्या बुद्धिमान प्रौढ माणसाने खरे सांगितले यात स्तुती करण्यासारखे काही नाही. कोलंबिया विद्यापीठाने त्यांचा राजीनामा स्वीकारला, एनबीसीने नोकरीवरून काढले. 1962 च्या जानेवारीत त्यांनी आणि इतर काही स्पर्धकांनी शपथभंग कबूल केला. शिक्षा झाली, पण ती स्थगित ठेवण्यात आली. ज्ञानाच्या स्पर्धा संगनमताने खेळविणे 1960 सालच्या कायद्याने गुन्हा ठरले.

एक नाव सांगितल्याखेरीज ही हकीकत पुरी होणार नाही. डॉ. जॉइस ब्रदर्स या मानसशास्त्रज्ञ बाई ‘64,000 डॉलरचा प्रश्न’ मध्ये मुष्टियुद्ध हा विषय घेऊन आल्या. त्या जाहिरातदाराच्या पसंतीस उतरल्या नाहीत, म्हणून त्यांना पाडण्यासाठी मुद्दाम आडवळणाचे प्रश्न काढले गेले. बाईंनी मुष्टियुद्धाचे ग्रंथच्या ग्रंथ मुखोद्गत केले होते. त्यांनी सगळी उत्तरे दिली आणि डिसेंबर 1955 मध्ये पूर्ण रक्कम घेऊन गेल्या. चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नाही. प्रश्न काढणारा प्रतिकूल असतानाही जे टिकते तेच ज्ञान, ही जनकाच्या सभेतली कसोटी न्यूयॉर्कमध्येही लागू पडली ती अशी.

व्हॅन डोरेन पुढे ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ च्या कामात रमले. 2019 साली वयाच्या 93 व्या वर्षी वारले. पुढच्याच वर्षी स्टेम्पेल गेले, तेही 93 व्या वर्षी. आपल्याकडे दूरचित्रवाणीचा प्रयोग दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी, म्हणजे ती साक्ष होण्याच्या काही आठवडे आधी, सुरू झाला. ‘कौन बनेगा करोडपती’ 2000 साली आला; त्यात प्रथम एक कोटी जिंकणारे हर्षवर्धन नवाथे हे मुंबईचे. 2019 साली अमरावती जिल्ह्यातील शाळेत मुलांचे जेवण रांधणाऱ्या बबिता ताडे यांनी तेवढीच रक्कम जिंकली, तेव्हा घरोघर झालेला आनंद हा प्राटोच्या वेळच्या आनंदाच्या जातीचाच होता. आपल्यातला माणूस जाणता निघाला याचा तो आनंद.

तो आनंद निर्मळ आहे, आणि म्हणूनच तो जपला पाहिजे. अमेरिकेत फसविले गेले ते पैसे नव्हेत. लोकांचा विद्वानांविषयीचा आदर फसविला गेला. आणि हे काम अडाण्यांनी केले नाही, जाणत्यांनी केले. पढविलेले उत्तर देण्यापूर्वी कपाळाला हात लावून विचारात पडल्याचे सोंग ज्याने एकदा केले, त्याला पुढे खरोखर विचारात पडावे लागले तरी लोक त्याला सोंगच म्हणणार. म्हणून आमचे श्रोत्यांना सांगणे इतकेच, की ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द खरे असतील तेव्हा बेधडक उच्चारावेत, आणि खोटे असतील तेव्हा कोणत्याही मोलाने उच्चारू नयेत.