मनोराज्याची वांटणी

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एका राज्यावरून तंटा झाला. तें राज्य भूतलावर कोठेंही नव्हतें. तें माझ्या पुतण्याच्या एका जाड वहींत होतें. तंट्याचा कडवटपणा मात्र खऱ्या वतनाच्या भांडणाला शोभेल असा होता.

अलीकडे तरुण मंडळींत मेजाभोंवतीं बसून खेळावयाचा एक खेळ रूढ झाला आहे. फांसे, कागद व पेन्सिल एवढें साहित्य त्यास पुरतें. एक जण सूत्रधार होतो व एका कल्पित देशाचें वर्णन करतो. इतर गडी त्या देशांतील एकेका व्यक्तीची भूमिका घेतात, आपण काय करतों तें तोंडानें सांगतात, आणि परिणाम अनिश्चित असेल तेथें फांसे टाकून निर्णय होतो. पुतण्यानें या खेळासाठीं तीन महिने खपून एक देश रचला होता. त्यांत नद्या होत्या, घाट होते, देवदेवता होत्या, आणि बावीस पिढ्यांचा राजवंश होता. पहिल्या बैठकींत त्यानें अर्धा तास वंशावळच वाचली. मित्रमंडळी जांभया आवरीत बसली होती. अखेर त्यांतील एक मुलगी म्हणाली, “माझी नायिका समुद्रांत बुड्या मारून मोतीं काढणाऱ्या बेटकऱ्यांच्या कुळांतली आहे.” “माझ्या नकाशांत असें बेटच नाहीं,” पुतण्या म्हणाला. खेळ तेथेंच मोडला.

मंडळी गेल्यावर तो माझ्याकडे आला. “काका, तुम्ही इतिहास शिकवतां. तुम्हीच सांगा, जग मीं रचलें तर तें माझें कीं नाहीं?”

प्रश्न पोरकट वाटेल. पण तो तसा नाहीं. मनोराज्यें एकट्यानें करावयाचीं अशी आपली समजूत आहे. शेखचिल्लीनें तीं एकट्यानेंच केलीं, आणि शेवटीं लाथ मारून मडकें फोडलें. परंतु अनेकांनीं मिळून केलेल्या आणि वर्षानुवर्षें टिकलेल्या मनोराज्यांनाही इतिहास आहे, आणि तो बोधप्रद आहे.

१८२६ च्या जून महिन्यांत यॉर्कशायरमधील हावर्थ या गांवचे धर्मोपदेशक पॅट्रिक ब्रॉन्टी लीड्स शहराहून परतले, ते मुलासाठीं बारा लांकडी शिपाई घेऊन. घरांत आई नव्हती. ती १८२१ सालीं वारली होती. दोघी थोरल्या मुली १८२५ मध्यें क्षयानें गेल्या होत्या. उरलेल्या भावंडांत शार्लट दहा वर्षांची, ब्रॅनवेल नवव्या वर्षांत, एमिली आठव्या वर्षांत व ॲन सहा वर्षांची होती. शिपाई ब्रॅनवेलचे, पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें ते बहिणींपुढें आणले, आणि प्रत्येकीच्या वांट्यास एकेक शिपाई आला. शार्लटनें आपल्या शिपायास ड्यूक ऑफ वेलिंग्टन केलें. ब्रॅनवेलनें बोनापार्ट निवडला. धाकट्या दोघींचे शिपाई पुढें पॅरी व रॉस या ध्रुवप्रदेशींच्या प्रवाशांच्या नांवांनीं ओळखले जाऊं लागले. खेळणीं एकाचीं, पण नांवें चौघांचीं. पुढचें सारें या एका सकाळच्या औदार्यांतून उद्भवलें.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर या भावंडांनीं ‘ग्लास टाऊन’ म्हणजे काचनगर वसविलें व त्याभोंवतीं प्रत्येकाचें एकेक राज्य स्थापिलें. तीं स्वतः या जगाचीं जिन्न झालीं. लढाईंत पडलेला वीर पुन्हा उठविण्याचा अधिकार जिन्नांकडे असे. शिपायांच्या मापाचीं, आगपेटीएवढीं पुस्तकें त्यांनीं मुंगीएवढ्या अक्षरांत हातानें लिहिलीं. ब्लॅकवुडच्या मासिकाचें अनुकरण करून ब्रॅनवेलनें १८२९ च्या जानेवारींत या नगराचें मासिक काढलें. त्याच वर्षीं शार्लटनें संपादकत्व आपल्या हातीं घेतलें.

परंतु राज्य चौघांचें असलें तरी लेखणी थोरल्या दोघांच्या हातीं होती. १८३० मध्यें शार्लटनें एमिलीच्या राज्यास भेट दिल्याचा एक वृत्तान्त लिहिला, आणि तेथें सारेंच यॉर्कशायरसारखें साधें व घरगुती आहे म्हणून त्याची थट्टा केली. १८३१ च्या आरंभीं शार्लट शाळेसाठीं रो हेड येथें गेली. त्याच सुमारास एमिली व ॲन यांनीं काचनगर सोडून उत्तर पॅसिफिक महासागरांत ‘गाँडल’ नांवाचें स्वतःचें बेट वसविलें. ज्या नकाशांत आपल्याला जागा नाहीं, त्या नकाशांतून धाकटीं माणसें मुकाट्यानें निघून जातात. हें बेट त्यांनीं किती जपलें तें पाहण्यासारखें आहे. १८४५ मध्यें दोघी बहिणी आगगाडीनें यॉर्कला गेल्या, तेव्हां प्रवासभर त्या गाँडलमधील राजपुत्र व राजकन्या बनून बोलत होत्या, अशी नोंद एमिलीनें केली आहे. तिला तेव्हां सत्ताविसावें वर्ष सरत होतें. गाँडलच्या गद्य कथा नष्ट झाल्या. परंतु एमिलीच्या उत्कृष्ट कवितांपैकीं कित्येक याच बेटाच्या पोटीं जन्मल्या आहेत.

थोरल्या दोघांचा खेळ निराळ्या रीतीनें चालला. १८३४ मध्यें त्यांनीं अँग्रिया नांवाचें नवें राज्य उभारलें. त्याचा राजा झमोर्ना हा शार्लटचा लाडका नायक. त्याचा सासरा व वैरी नॉर्दँगरलंड हा ब्रॅनवेलचा. १८३६ मध्यें शार्लट रो हेड येथें शिक्षिका होती. तिच्या पाठीमागें ब्रॅनवेलनें राज्यांत यादवी माजविली आणि झमोर्नाची राणी मेरी हिचा अंत घडविला. शार्लटला ही गोष्ट मानवली नाहीं; सुटींत घरीं येतांच तिनें आपल्या लेखणीनें राणीस पुन्हा जिवंत केलें. येथें भागीदारीच्या मनोराज्याचें मर्म दिसतें. भागीदार आपल्या मनाविरुद्ध कांहीं घडवून आणतो म्हणूनच त्या राज्याला गति असते. पण एकानें घडविलेलें दुसऱ्यानें वाटेल तेव्हां पुसलें, तर त्याला वजन राहत नाहीं.

या वांटणींत एक मोठा दोषही होता, आणि महाराष्ट्रीय वाचकाच्या तो चटकन् लक्षांत येईल. शार्लटचा आराध्य वेलिंग्टन म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली. मुलांच्या काचनगराखालीं जी भूमि होती तीही ओसाड नव्हती. तेथें अशांती लोक होते. मुलांच्या कथांत ते आले, पण बहुधा जिंकावयाचे शत्रु म्हणून. मेजाभोंवतीं ज्याला बसावयास मिळालें नाहीं, त्याच्या वांट्यास मनोराज्यांतही पराभवच आला.

ब्रॉन्टी भावंडांच्या खेळाला पंच नव्हता. पंचाची परंपरा त्याच काळीं पण दुसरीकडे, प्रशियाच्या लष्करांत, वाढत होती. लेफ्टनंट फॉन राइसविट्झ यानें १८२४ मध्यें नकाशावर खेळावयाचा युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला. दोन पक्ष आपापले हुकूम लिहून देत, आणि सर्व परिस्थिति ठाऊक असलेला पंच त्यांचा परिणाम सांगे. नियमांचें ओझें वाढत गेलें, तेव्हां १८७६ मध्यें फर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्यानें असें सुचविलें कीं, नियमांचें पुस्तक बाजूस ठेवून पंचाच्या अनुभवावर भिस्त ठेवावी. पुढें १८८० मध्यें अमेरिकन सैन्यांतील चार्ल्स टॉटन यानें ‘स्ट्रॅटेगॉस’ हा ग्रंथ लिहिला. ग्रंथालयांत पडून राहिलेलें हें पुस्तक सुमारें नव्वद वर्षांनीं मिनेसोटांतील डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हातीं पडलें.

वेस्लीनें १९६९ मध्यें ‘ब्राउनश्टाइन’ नांवाचें एक जर्मन नगर कल्पिलें. नेपोलियनच्या काळची लढाई खेळावयाची होती. पण गडी पुष्कळ जमले म्हणून त्यानें कोणास नगराध्यक्ष, कोणास सावकार, कोणास विद्यापीठाचा कुलपति केलें. लढाई राहिली बाजूला, आणि गडी कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन आपसांत कारस्थानें करूं लागले. वेस्लीला वाटलें, बेत पुरता फसला. पण पुन्हा असाच खेळ कधीं, असें गडी विचारूं लागले. सूत्रधाराच्या हातून सुटलें, तेंच गड्यांना सर्वांत आवडलें होतें.

त्या गड्यांपैकीं डेव्ह आर्नेसन यानें १९७१ मध्यें ‘ब्लॅकमूर’ हा प्रांत रचला. तेथें एका गड्याची व्यक्ति रक्तपिपासू वेताळ होऊन अनावर झाली, तेव्हां तिला आवर घालण्यासाठीं दुसऱ्या गड्याकरितां पुरोहिताची भूमिका निर्माण करण्यांत आली. दोन मित्रांच्या चुरशींतून निघालेली ती भूमिका पुढें या खेळाच्या शास्त्रांत कायमची शिरली. आर्नेसन व विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स या दोघांच्या नांवानें १९७४ च्या जानेवारींत ‘डंजन्स ॲण्ड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ति अवघी एक हजार प्रतींची होती. गायगॅक्सच्या ‘ग्रेहॉक’ या जगांतही गड्यांच्या खुणा राहिल्या. १९७८ च्या नियमग्रंथांत टेन्सर व ड्रॉमिज या मांत्रिकांच्या नांवाचे मंत्र आहेत. पहिलें नांव गायगॅक्सच्या अर्नेस्ट या मुलाच्या नांवांतील अक्षरें फिरवून झालें आहे. दुसरें जिम वॉर्ड या गड्याचें नांव उलटें वाचून.

पुढची हकीकत मात्र विषण्ण करणारी आहे. श्रेय व मोबदला यांवरून आर्नेसननें १९७९ मध्यें न्यायालयांत धांव घेतली. १९८१ मध्यें समेट होऊन सहनिर्माता म्हणून त्याचें नांव मान्य झालें. १९८६ मध्यें गायगॅक्स कंपनीतून बाहेर पडला, तेव्हां ग्रेहॉक त्याच्याबरोबर गेलें नाहीं; तें कंपनीकडेच राहिलें. ज्यानें तळघरांत मित्रांसमवेत तें जग वाढविलें, त्याला त्यावर हक्क सांगतां येईना. कायद्याला मालक लागतो. खेळाला मालक चालत नाहीं. त्याला राखणदार लागतो.

हा फरक या विद्येंतील लोकांच्या हळूहळू ध्यानांत आला. बेन रॉबिन्स याच्या ‘मायक्रोस्कोप’ या २०११ च्या खेळांत सूत्रधारच नाहीं. सर्व गडी आळीपाळीनें एका कल्पित जगाचा इतिहास घडवितात, आणि एकानें आपल्या पाळींत सांगितलेलें दुसऱ्यास खोडतां येत नाहीं. २०१२ च्या ‘डंजन वर्ल्ड’ या ग्रंथांत सूत्रधारास असा उपदेश आहे कीं, नकाशा काढावा, पण त्यांत जागा रिकाम्या ठेवाव्या.

मीं हें सारें पुतण्याला सांगितलें. तो म्हणाला, “मग मीं तीन महिने मेहनत केली ती फुकटच?”

फुकट खासच नाहीं. ज्या नकाशांत कांहींच नाहीं, त्यांत बेटही घालतां येत नाहीं. कोठें तरी किनारा असावा लागतो. सूत्रधारानें सर्वांआधीं कष्ट करावे, आणि कष्टाचें फळ म्हणून शेवटचा शब्द मागूं नये, हें कठीण आहे. तीस वर्षें वर्गांत व्याख्यानें दिलेल्या माणसास तें किती कठीण आहे, हें मी जाणतों. विद्यार्थ्यानें प्रश्न विचारला कीं माझी पहिली भावना, याच्यामुळें टिपण अपुरें राहणार, अशीच असे. ज्या थोड्या तासांत मीं टिपण मिटून ठेवलें, तेच तास जुने विद्यार्थी भेटल्यावर आठवून सांगतात.

पण त्याला पटलें तें निराळ्याच गोष्टीनें. आमच्या लहानपणीं दिवाळींत अंगणांतला किल्ला त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधु, बांधीत. महाराज त्यांचे, मावळे त्यांचे, तोफा त्यांच्या. माझ्याकडे माती कालवण्याचें व अळिवाला पाणी घालण्याचें काम. एका वर्षीं ते जेवावयास गेले असतां मीं बाजारांतून आणलेला एक मातीचा वाघ तटाखालीं ठेवला. वाघ जवळजवळ तटाएवढाच उंच होता. दादांनीं परत येऊन तो पाहिला. आतां तो फेंकला जाणार म्हणून मी श्वास रोखून उभा होतों. त्यांनीं कांहीं क्षण विचार केला, खुरपें घेतलें, आणि तटाखालची माती उकरून वाघाला गुहा करून दिली. मग मला म्हणाले, “रात्रीं पहारेकऱ्यांना याची भीति वाटते, बरें का.” दादांनीं बांधलेल्या किल्ल्यांपैकीं मला तेवढा एकच आठवतो.

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. पुढच्या रविवारीं मित्रमंडळी पुन्हा जमली. मी सहज मेजाजवळून गेलों, तेव्हां नकाशाच्या पश्चिम कडेस, समुद्राच्या रिकाम्या निळ्या जागेंत, पेन्सिलीनें काढलेलें एक बेट दिसलें. त्यावरचें अक्षर पुतण्याचें नव्हतें.