पॉइंटची फट
शनिवार पेठेच्या बोळांतून १९७२ नंतर बजाजची चेतक आणि किनेटिकची ५० सीसी लुना फटफटू लागली, तेव्हा ‘टायमिंग’, म्हणजे ठिणगीची वेळ, मेकॅनिकच्या हाती होतं. पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं आणि कसब संपलं, असं म्हणतात. मला ते पटत नाही. कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते. मेकॅनिक मुख्यतः ही झीजच भरून काढी. पॉइंट गेले तरी टायमिंगचा प्रश्न उरतोच, हे मॉडेल विमानांत आधीच दिसलं होतं: १९४७ मध्ये रे आर्डेनच्या ग्लो प्लगने उडत्या विमानावरची कॉइल-बॅटरी उतरवली, तरी पेट घेण्याची वेळ कॉम्प्रेशन, इंधन आणि प्लगच्या उष्णतेवर ठरतच राहिली. स्कूटरची ठिणगी तर नेमक्या वेळी पडते, असा आक्षेप येईल. पडते; पण कार्ब्युरेटरचं मिश्रण फार पातळ असेल तर ज्योत सावकाश पसरते आणि वेळेवरची ठिणगीही उशिराची ठरते.