कवच केव्हा फुटावे?

हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळद प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीचा एक गुणधर्म वर्गात सहज दाखवता येतो. दोन परीक्षानळ्यांत चिमूटभर हळद घ्या. एकीत पाणी व दुसरीत गोडेतेल घालून हलवा आणि स्थिर ठेवा. पाण्यात हळद तळाशी बसते, तेल मात्र पिवळेधमक होते. हळदीतील कुरकुमीन हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून संशोधक ते तेलात विरघळवून त्या तेलाचे शंभर-दोनशे नॅनोमीटर व्यासाचे थेंब करतात व त्यांवर दुधातील प्रथिनाचे कवच चढवतात. या थेंबांचे पोटात काय होते? याचे उत्तर एकट्याने, एका वेळी कोणी शोधलेले नाही.

१६२२ साली इटलीतील गास्पारे आसेली यांनी नुकतेच जेवलेल्या कुत्र्याचे विच्छेदन केले. आतड्याजवळ त्यांना पांढऱ्या दोऱ्यांसारख्या वाहिन्या दिसल्या. त्यांत दुधासारखा द्रव होता. अन्नातील स्निग्धांश या वाटेने शरीरात जातो, हे पुढे कळले. १८३६ मध्ये थिओडोर श्वान यांनी जठरात प्रथिने तोडणारे पेप्सिन शोधले. १८४०च्या दशकात फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी सशाचे आतडे तपासले. सशात पित्तनलिका वर आणि स्वादुपिंडाची नलिका बरीच खाली उघडते. पांढऱ्या वाहिन्या या दुसऱ्या नलिकेच्या पुढेच दिसत होत्या. म्हणजे स्निग्ध पदार्थांच्या पचनाला स्वादुरस हवाच!

आता हे दुवे जोडू या. जठरात पेप्सिन थेंबाचे प्रथिन-कवच कुरतडते. दुधाच्या निवळीतील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन एरवी पेप्सिनला दाद देत नाही. परंतु तेलाच्या पृष्ठभागावर पसरताना त्याची घडी उलगडते आणि ते तुटू लागते. कवच विरळ झाले की काही थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात. पुढे लहान आतड्यात पित्तक्षार उरलेले प्रथिन बाजूला सारून तेलाच्या पृष्ठभागावर बसतात आणि स्वादुरसातील लायपेझ तेल तोडते. तेलाचे घनफळ तेवढेच ठेवून थेंबाचा व्यास दहापट कमी केला, तर एकूण पृष्ठभाग दहापट वाढतो. म्हणून बारीक थेंब लवकर पचतात. मोकळे झालेले कुरकुमीन मेदाम्ले व पित्तक्षार यांच्या सूक्ष्म पुंजक्यांत शिरून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचते.

म्हणजे कवच कायम टिकावे अशी अपेक्षाच नाही. बरणीत ते टिकावे, आतड्यात सुटावे. ते फारच चिवट केले, तर कुरकुमीन आत अडकूनच शरीराबाहेर जाईल.

बाजारात 'नॅनो' शिक्का असलेली हळदीची उत्पादने दिसतात. विद्यार्थ्याने त्यांविषयी विचारले, तर आपण काय सांगावे? कुरकुमीन आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचणे ही अर्धीच वाट आहे. पुढे आतड्याची भिंत व यकृत त्याचे झपाट्याने रूपांतर करतात. त्यामुळे थेंब किती बारीक, एवढेच विचारून भागत नाही. रक्तात किती पोचले आणि त्याने आजारात खरोखर फरक पडला का, हे मोजून दाखवावे लागते. बेर्नार यांनीही अंदाजावर न थांबता वाहिन्या कोठून पांढऱ्या होतात ते डोळ्यांनी पाहिले होते. मुलांना हळदीबरोबर ही सवयही द्यावी.