गावाची लोकसंख्या आणि बारमाही रस्ता

एखाद्या ग्रामीण वस्तीला बारमाही रस्ता मिळेल की नाही, हे आपल्या देशात प्रामुख्याने तिच्या लोकसंख्येवरून ठरते. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने हा निकष देशभर लागू केला. रस्त्याने न जोडलेल्या वस्त्यांपैकी सपाट प्रदेशात किमान ५०० लोकसंख्येच्या, तर ईशान्येकडील व डोंगराळ राज्ये, वाळवंटी प्रदेश आणि पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रे येथे किमान २५० लोकसंख्येच्या वस्त्या पात्र ठरविण्यात आल्या. त्यासाठी २००१ च्या जनगणनेचा आधार घेण्यात आला.

या योजनेचा घटक महसुली गाव नसून वस्ती आहे. महाराष्ट्रातील वाडी, पाडा किंवा तांडा यांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो. जनगणनेचे प्रसिद्ध होणारे आकडे संपूर्ण महसुली गावाचे असतात. रस्त्याची मागणी मात्र गावठाणापासून दूर असलेल्या वाडीची असते. समजा, सपाटीवरील ९०० लोकसंख्येचे गाव प्रत्येकी ३०० जणांच्या तीन वाड्यांमध्ये विभागलेले आहे. कागदावर गाव मोठे दिसते, पण एकही वाडी स्वतंत्रपणे निकषात बसत नाही. ही अडचण लक्षात घेऊन ५०० मीटरच्या परिसरातील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र मोजण्याची मुभा नियमांत देण्यात आली. डोंगराळ भागात हे अंतर पायवाटेने दीड किलोमीटर धरले जाते. वाड्या त्याहून दूर असल्यास या तरतुदीचा लाभ मिळत नाही.

दुसरा प्रश्न मोजणीच्या काळाचा आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. या संपूर्ण काळात घरापासून दूर असलेल्या व्यक्तीची नोंद तिच्या गावी न होता, ती जेथे असेल तेथे करण्याची पद्धत आहे. फेब्रुवारी हा ऊसतोडणीच्या ऐन हंगामाचा महिना. बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे त्या वेळी कारखान्यांच्या परिसरात असतात. पावसाळ्यात जे लोक चिखल तुडवीत तालुक्याला जातात, त्यांपैकी काही जण मोजणीच्या वेळी गावात नसतात. पाचशेच्या आसपास असलेल्या तांड्याला हा फरक निश्चितच जड जाऊ शकतो.

बारमाही रस्ता म्हणजे डांबरी रस्ता, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः पाण्याचा निचरा आणि ओढ्यानाल्यांवरील मोऱ्या हा त्याचा गाभा होय. मोऱ्यांची कामे अपुरी राहिली तर गुळगुळीत रस्ताही पहिल्या पुरात निरुपयोगी ठरतो. मग रुग्णाला किंवा प्रसूतीसाठी निघालेल्या स्त्रीला झोळीतून पक्क्या सडकेपर्यंत न्यावे लागते.

योजनेच्या कंत्राटात पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीचा समावेश असतो. त्यानंतरची जबाबदारी राज्यांची आहे. या योजनेच्या निकषांबाहेर राहिलेल्या वस्त्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक योजना सुरू केली.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रधानमंत्री योजनेच्या चौथ्या टप्प्यास मान्यता दिली. २०२४-२५ ते २०२८-२९ या कालावधीत २५,००० वस्त्या जोडण्यासाठी ६२,५०० किलोमीटर लांबीचे रस्ते बांधण्याचे उद्दिष्ट असून, त्याचा अंदाजित खर्च ७०,१२५ कोटी रुपये आहे. नक्षलग्रस्त जिल्ह्यांत किमान १०० लोकसंख्येच्या वस्त्याही पात्र आहेत. इतरत्र ५०० आणि २५० हेच आकडे कायम आहेत.

रस्ता झाला म्हणजे एसटी सुरू झाली, असे मात्र नाही. बसफेरीचा निर्णय परिवहन महामंडळाकडून स्वतंत्रपणे घेतला जातो आणि तेथेही प्रवासीसंख्या विचारात घेतली जाते. त्यामुळे लहान वस्तीला एकाच कारणासाठी दोनदा थांबावे लागते.

चौथ्या टप्प्यासाठी २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या ग्राह्य धरण्यात आली आहे. २०२१ ची नियोजित जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेसाठी देशाच्या बहुतांश भागात १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक निश्चित करण्यात आला. तिची लोकसंख्या मोजणीही फेब्रुवारीत, म्हणजे ऊसतोडणीच्या हंगामातच येते.