पहिले अठ्ठावीस दिवस : गडचिरोलीतील नवजात बालसेवेचा इतिहास

बारसे किंवा अकीका होण्यापूर्वीच जे बालक दगावते, त्याचे नाव कोणत्याही दप्तरात उतरत नाही. त्यामुळे जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू हा विषय इतिहासलेखनात बराच काळ उपेक्षित राहिला. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात मात्र या मृत्यूंची पद्धतशीर मोजदाद झाली आणि त्यातून एका नव्या सेवापद्धतीचा उदय झाला. प्रस्तुत लेखात त्या प्रयोगाचा आढावा घेतला आहे.

१९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्याने तेथे 'सर्च' ही संस्था उभारली. प्रथम त्यांनी बालकांच्या न्यूमोनियावर काम केले. अर्भकाचे श्वास मोजण्यासाठी मण्यांचे साधे यंत्र वापरण्यात आले : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. आकडेमोडीची सवय नसलेल्या दाईलाही त्यामुळे निदान करता येऊ लागले. या कामाचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पुढचा प्रश्न नवजातांचा होता. १९९५-९६ या वर्षी ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांची घरोघरी जाऊन नोंद ठेवण्यात आली. जवळपास सर्व बाळंतपणे घरीच होत. निम्म्याहून अधिक बालकांना उपचारांची गरज होती. प्रत्यक्षात वैद्यकीय मदत मिळाली ती सुमारे अडीच टक्क्यांना. दवाखाना दूर, जवळ पैसा नाही आणि ओल्या बाळंतिणीने घराबाहेर पडू नये अशी रूढी, ही त्याची कारणे होत.

बालक दवाखान्यात जात नसेल तर दवाखान्यानेच घरी जावे, असा विचार यातून पुढे आला. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातीलच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाला ऊब देणे, स्तनपान लवकर सुरू करणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे ही कामे त्या करीत. जंतुदोष आढळल्यास प्रथम रुग्णालयाचा सल्ला दिला जाई. पालकांनी नकार दिल्यास त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन दिले जाई.

वादाचा मुद्दा येथेच होता. डॉक्टर नसलेल्या स्त्रीच्या हाती सुई द्यावी काय? उत्तर आकड्यांनी दिले. सुरुवातीस या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बालके मरत. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, हे प्रमाण २५.५ वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत ते त्या वेळीही ५९.६ होते. जंतुदोष झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर घसरले. १९९९ मध्ये हे संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे महाराष्ट्रात सात ठिकाणी 'अंकुर' या नावाने हाच प्रयोग करण्यात आला.

शासनाने २०११ मध्ये 'आशा' कार्यकर्तींमार्फत नवजातांसाठी गृहभेटींची योजना देशभर लागू केली. प्रसूती दवाखान्यात झाल्यास सहा, घरी झाल्यास सात भेटी असे तिचे स्वरूप आहे. इंजेक्शनचा अधिकार मात्र आशांना मिळाला नाही. २०१४ मध्ये तो परिचारिकांना, म्हणजे एएनएमना, देण्यात आला. गडचिरोलीत जे गावातील स्त्रीने करून दाखविले, ते देशाच्या योजनेत अर्धेच उतरले, असे म्हणावे लागते.

आज बहुतेक प्रसूती दवाखान्यात होतात. तरीही बाळ-बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी परततात आणि उरलेले पंचवीस दिवस घरातच जातात. हा इतिहास शिक्षणाच्या क्षेत्रातील मंडळींनाही विचार करावयास लावतो. ज्या स्त्रियांनी हे मृत्यू रोखले, त्यांच्याकडे पदवी नव्हती. पाचवी ते दहावीपर्यंतचे शिक्षण होते. मुलीला शाळेत टिकवून ठेवण्याचे मोल असे थेट पाळण्यापर्यंत पोहोचते.